पन्नास पैशांच्या आत

पर्जन्याची वाट पाहण्यात ज्या प्रदेशाच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या, 1970 साली मंजूर झालेल्या निळवंडे धरणाच्या कालव्याचे पाणी ज्या प्रदेशातील संगमनेर-राहात्याकडच्या शेतकऱ्याने 2023 साली प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले, आणि ज्याच्या मुख्य ठाण्यातून बीडमार्गे परळीस जावयाच्या आगगाडीची चर्चा आजोबांनी आरंभून नातवाने पुढे चालविली, त्या नगर जिल्ह्यातील मनुष्यास फुटबॉलच्या एका सामन्याची प्रतीक्षा कशी करावी हे बाहेरून कोणी येऊन शिकविण्याचे कारण नाही. प्रतीक्षा ही इतर जिल्ह्यांत मनाची एक अवस्था असेल. आमच्याकडे ती लागवडीखालील जमीन आहे, आणि तीत वर्षाकाठी जे पिकते त्यावर बरीच कुटुंबे गुजराण करतात.

यंदाच्या हंगामात आमच्या शहरातील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाची गाठ पुण्याच्या एका मातबर महाविद्यालयाच्या संघाशी पडावयाची आहे. दोन्ही महाविद्यालयांची नावे आम्ही हेतुपुरस्सर देत नाही. एकाचे दिल्यास त्याची नाहक बेअब्रू होईल, आणि दुसऱ्याचे दिल्यास ते त्याच्या लक्षातही येणार नाही. क्रिकेटने या जिल्ह्याचे नाव राखले हे सर्वश्रुत आहे. श्रीरामपूरचा झहीर खान आणि आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे यांच्यामुळे नगरी मनुष्यास परमुलखात मान वर करून हिंडता येते. फुटबॉलने मात्र आमच्यासाठी अद्याप अशी काही तसदी घेतलेली नाही. तथापि बलिष्ठ प्रतिपक्ष म्हणजे काय वस्तू असते, याचे ज्ञान मिळविण्यास नगरकरास पुण्यापर्यंत जावे लागत नाही. शहराला लागूनच लष्कराच्या चिलखती दलाचे आणि यांत्रिकी पायदळाचे केंद्र असल्यामुळे, पहाटे रस्त्याने एका लयीत धावत जाणारे जवानांचे पथक पाहिले की आपल्या आणि त्यांच्या पोटऱ्यांतील अंतर कोणत्याही मोजणीदाराशिवाय ध्यानात येते.

आमच्या समर्थक मंडळींचे अधिष्ठान महाविद्यालयासमोरील चहाच्या टपरीवर असून तिचे अनभिषिक्त अध्यक्षपद महसूल खात्यातून सेवानिवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे आहे, ज्यांना सारे नुसते भाऊसाहेब म्हणतात. यांचा स्वतःचा फुटबॉलशी संबंध इतकाच की नोकरीत असता एका मैदानाच्या अतिक्रमणाचा पंचनामा त्यांनी केला होता. परंतु खेळाच्या ज्ञानात मनुष्य जेथे कमी पडतो तेथे कार्यपद्धतीचे ज्ञान त्यास तारून नेते, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. आगामी सामन्याविषयी जो तो आपापल्या कुवतीप्रमाणे अंदाज बांधीत असता, कोणी सहा गोलांनी हरू म्हणत असता, कोणी चारच म्हणून आशावादाचा कलंक अंगाला लावून घेत असता, भाऊसाहेबांनी चहाची कपबशी खाली ठेवून सांगितले की या सर्व वल्गना बेकायदेशीर आहेत. रीतसर आणेवारी काढली पाहिजे.

आणेवारी म्हणजे काय हे या जिल्ह्यात शाळकरी मुलासही ठाऊक असते. पीक उभे असता त्याचा प्रथम नजरेने अंदाज करावयाचा, मग सुधारित आकडा जाहीर करावयाचा, आणि शेवटी अंतिम. आणि हा आकडा पन्नास पैशांच्या आत राहिला तर गाव टंचाईग्रस्त ठरून साऱ्याची सूट, कर्जाचे पुनर्गठन, विजेच्या देयकात सवलत आणि मुलांच्या परीक्षाशुल्काची माफी पदरात पडावयाची. यास्तव पीक बरे आले तरी ते बरे आले असे मोठ्याने म्हणणारा मनुष्य गावात लोकप्रिय होत नाही. हीच पद्धत फुटबॉलला लागू करण्यात भाऊसाहेबांच्या प्रतिभेची झेप दिसून आली. आकडा पन्नासाच्या आत राहिला की पराभवानंतरच्या सर्व सवलती आपोआप लागू होतात: खिन्न होण्यापासून सूट, टोमण्यांना स्थगिती, आणि पुण्यात दिलेल्या नातलगांचे दूरध्वनी न घेण्याची मुभा.

नजर आणेवारीसाठी भाऊसाहेब एका संध्याकाळी स्वतः मैदानावर गेले. सरावास अकरांपैकी आठ खेळाडू हजर होते. एकाचा गुडघा दुखावला होता; गोलरक्षकाच्या दोन विषयांना एटीकेटी लागली असल्यामुळे त्याचे अर्धे चित्त अर्थशास्त्रात होते; आणि आघाडीचे दोघे पोलीस भरतीची तयारी करीत असल्यामुळे त्यांची धाव उत्तम, किंबहुना असामान्य होती, परंतु सोळाशे मीटरच्या त्या परीक्षेत चेंडूची तरतूद नसल्याने चेंडू जवळ आला म्हणजे ते त्यास सौजन्याने वाट देऊन पुढे निघून जात. मैदान मुरुमाचे, त्यावर फक्कीने आखलेल्या रेषा वाऱ्याने निम्म्या उडालेल्या. हे सर्व डोळ्यांखाली घालून भाऊसाहेबांनी त्याच रात्री अठ्ठावीस पैसे असा नजर अंदाज जाहीर केला. टपरीवर अत्यंत समाधानाचे वातावरण पसरले आणि एकाने सर्वांना क्रीमरोल खाऊ घातले.

विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने मात्र या आकड्यास हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की 2024 साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले असल्यामुळे पूर्वीचे सर्व पराभव हे अहमदनगर नावाच्या पक्षकाराविरुद्ध नोंदलेले आहेत, सबब आपल्या संघाची पाटी आजमितीस कोरी आहे आणि जुना इतिहास आणेवारीत धरता येणार नाही. भाऊसाहेबांनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिले. ते म्हणाले, “बाळ, नाव बदलले तरी सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहतो.”

यानंतर जो काळ सुरू झाला त्यात आमच्या मंडळींनी एका अद्भुत कार्यास स्वतःला वाहून घेतले. ते कार्य म्हणजे प्रतिपक्षाची स्तुती. ज्या निष्ठेने, ज्या तपशिलाने आणि ज्या निर्हेतुक वाटणाऱ्या उत्साहाने पुण्याच्या संघाचे माहात्म्य नगरात गायिले गेले, तितके ते पुण्यात कधी गायिले गेले असेल असे आम्हांस वाटत नाही. पुण्याचा मनुष्य स्वतःच्या स्तुतीस विन्मुख असतो असे कोणी म्हणणार नाही, परंतु या प्रसंगी त्यास श्रम घ्यावे लागले नाहीत एवढे खरे. त्यांच्या संघास प्रशिक्षक आहे, येथून आरंभ झाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोलरक्षकास निराळा प्रशिक्षक आहे असे निष्पन्न झाले. तिसऱ्या दिवशी एक जण खात्रीलायक बातमी घेऊन आला की त्यांच्या बाटल्यांत पाणी नसतेच, काही निळे द्रव्य असते. ते लोक कृत्रिम हिरवळीवर सराव करतात, रात्री विजेच्या प्रकाशात करतात, आणि त्यांतील एका खेळाडूची लाथ इतकी जबर आहे की सरावात त्याच्या समोर गोलरक्षक उभा करण्यास त्यांचे प्राचार्य परवानगी देत नाहीत. फर्ग्युसन महाविद्यालय 1885 सालचे आणि डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी स्थापिलेले आपले अहमदनगर महाविद्यालय 1947 सालचे, म्हणजे पुण्यास आपल्यापेक्षा बासष्ट वर्षे आधी चेंडू मिळाला, असाही एक सेवाज्येष्ठतेचा मुद्दा मांडण्यात आला. या सामन्यात त्या दोहोंपैकी एकही संस्था नाही ही बाब गौण मानण्यात आली.

प्रतिपक्ष असा आकाशास भिडला म्हणजे त्याच्याशी सामना देण्यासाठी इतिहासातून कुमक मागवावी लागते, आणि इतिहासाच्या बाबतीत नगरास उसनवारी करण्याची गरज नाही. प्रथम साहजिकच मलिक अंबर आला. 1624 साली मोगल आणि आदिलशाही अशा दोन बलाढ्य फौजा एकत्र होऊन चालून आल्या असता, येथून हाकेच्या अंतरावरील भातवडीस मलिक अंबराने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीची दाणादाण उडविली. दुबळ्या पक्षाने दोन बलिष्ठ पक्षांस एकाच सामन्यात गारद केल्याचे असे उदाहरण क्रीडेच्या इतिहासातही विरळा. ही कथा ऐकून तरुण मंडळींच्या अंगात वीरश्री संचारली आणि सामन्याच्या आदल्या रात्री मैदानात पाणी सोडावे असा ठराव जवळजवळ संमत झाला. इतक्यात कोणीतरी अशी शंका काढली की बांध फोडण्यासाठी तलावात प्रथम पाणी असावे लागते. मैदानासाठी टँकर मागविण्याचा पर्यायही पुढे आला, परंतु टँकर मंजूर होण्यास लागणारा काळ आणि सामन्यास उरलेला काळ यांचा मेळ बसेना. ठराव तहकूब झाला.

मग चांदबिबी. 1596 साली मोगलांनी सुरुंग लावून किल्ल्याच्या तटास भगदाड पाडले असता ती स्वतः तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला, ही हकिगत आमच्या बचावफळीस वाचून दाखवावी असे ठरले. बचावाचे एवढे दिव्य उदाहरण अन्यत्र नाही. परंतु इतिहासाचे एक प्राध्यापक, ज्यांना अपुऱ्या माहितीवर कोणी आनंदी झालेले सहन होत नाही, त्यांनी पुढचा भाग सांगितला: त्या पराक्रमानंतर जो तह झाला त्यात वऱ्हाड द्यावे लागले, म्हणजे बरोबरी झाली खरी, परंतु एक प्रांत देऊन, आणि चारच वर्षांनी मोगल पुन्हा आले तेव्हा चांदबिबीस शत्रूने मारले नाही, फितुरीच्या संशयावरून तिच्याच माणसांनी मारले. यावर टपरीवर काही क्षण कोणी बोलले नाही. आमच्या गोलरक्षकाने मागील वर्षी दोन पेनल्टी अडविल्या होत्या, तिसरी हातून सुटली, आणि तेव्हापासून त्यास घरी जाण्यासाठी मागच्या गल्लीचा उपयोग करावा लागतो, ही गोष्ट सर्वांच्याच मनात एकदम आली असावी.

इंग्रज सेनापती वेलस्लीचा उल्लेख करू नये असे ठरले होते, तरी तो झालाच. 1803 च्या ऑगस्टात तो आला, सकाळी पेठेच्या तटावर शिड्या लावल्या, आतील फौज कापून काढली आणि न्याहारीस परत गेला. त्याच्याच छावणीतील एका मराठा सरदाराने या अजब लोकांविषयी आश्चर्य व्यक्त करून ठेवले आहे. पुढे चार दिवसांत किल्लाही पडला. पुण्याचा संघ नेमका असाच वागणार, असे भाकीत एका सद्‍गृहस्थाने केले: पहाटेच्या बसने निघणार, शिरूर ओलांडणार, सुपे ओलांडणार, केडगावाच्या वेशीतून आत येणार, नव्वद मिनिटांत जे करावयाचे ते करणार, आणि दुपारचे जेवण पुण्यात घेणार. नगरात ते जेवणारसुद्धा नाहीत, हा मुद्दा मंडळींस गोलांच्या संख्येपेक्षाही अधिक झोंबला.

परदेशचे आणि परप्रांतीचे दाखले काढणाऱ्यांचा एक स्वतंत्र गट होता. 29 जुलै 1911 रोजी मोहन बागानच्या संघाने, ज्यातील एकट्याच्याच पायांत बूट होते, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या बूटवाल्या गोऱ्यांस 2-1 असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, हे उदाहरण दुबळ्या संघाच्या समर्थकांत वेदवाक्याप्रमाणे उच्चारले जाते. आमच्या टपरीवर मात्र ते फारसे रुचले नाही, आणि याचे कारण शोधू जाता आमच्या असे ध्यानात आले की त्यात मोहन बागान जिंकते. जिंकण्याचा दाखला दिल्याने अपेक्षा वाढते आणि आकड्यास धोका पोहोचतो. त्या मानाने 1948 सालचे लंडन ऑलिंपिक सर्वांस पसंत पडले: भारतीय खेळाडू बहुतांशी अनवाणी, समोर फ्रान्स, आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही चुकल्या, आणि सामना 1-2 असा हरला. असा पराभव म्हणजे काय ऐश्वर्य! जग वाहवा करते, कोणी जाब विचारीत नाही, आणि दोन पेनल्टींविषयी पाऊण शतक हळहळता येते.

याच सुमारास अर्जेंटिनाचा निळापांढरा सदरा, पाठीवर दहाचा आकडा, अशा वेषात फिरणाऱ्या प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने निष्पापपणे सांगितले की 2022 साली सौदी अरेबियाने तर साक्षात अर्जेंटिनास हरविले होते. भाऊसाहेबांनी विचारले, “त्या दिवशी तू काय करीत होतास?” “रडत होतो, भाऊसाहेब,” तो म्हणाला. दुबळ्यांच्या विजयाने कोणाचे काय होते, याचा हा चालताबोलता पुरावा समोर असल्यावर तो विषय तेथेच मिटला.

पराभवाच्या कारणांचे दप्तर याच काळात सिद्ध झाले. त्याचा विस्तार करण्यात अर्थ नाही. पंच पुण्याचा असणे, सूर्य समोरून येणे, मुरुमावर चेंडू वेडावाकडा उसळणे, वगैरे. मुरूम आपलाच असून त्यावर आपण वर्षभर खेळतो, ही अडचण एकाने दाखविली तेव्हा, वर्षभर खेळतो कोठे, असे समर्पक उत्तर त्यास मिळाले. आमचा गोल राखण्याच्या व्यवस्थेविषयी शनिशिंगणापूरचा उल्लेख करणाऱ्या एका इसमास मात्र सर्वांनी मिळून गप्प केले. घरांना दारे नसणे तेथे श्रद्धेचा भाग आहे.

संघाकडे, म्हणजे जे खेळणार होते त्यांच्याकडे, या धामधुमीत कोणाचे विशेष लक्ष नव्हते. त्यांच्यासाठी बूट घ्यावयाचे म्हणून जी वर्गणीची यादी फिरत होती ती चार नावांवर थबकली होती, आणि त्यांतील दोन नावांपुढे ‘नंतर’ असा शेरा होता. जेथे विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या जिल्ह्यात अकरा जोडी बुटांस भागधारक मिळू नयेत याचे नवल वाटेल; परंतु सहकार हा लाभाच्या आशेवर चालतो, आणि येथे सर्वांनी आपापले भांडवल आधीच दुसऱ्या बाजूस गुंतविले होते. मुले संध्याकाळी येत, धावत, अंधार पडला म्हणजे घरी जात. भिंगारच्या एका सेवानिवृत्त हवालदाराने त्यांना स्वखुशीने शिकविण्यास आरंभ केल्याचे आणि आघाडीचे ते दोघे अलीकडे चेंडू जवळ आला असता थांबू लागल्याचे कानावर आले होते, परंतु ही वार्ता मंडळींनी मनावर घेतली नाही.

आणि मग, सामन्यास सहा दिवस उरले असता, अनर्थ ओढवला. पुण्याहून अशी विश्वसनीय बातमी आली की त्यांच्या मुख्य संघातील पाच खेळाडू विद्यापीठाच्या निवड शिबिरात अडकले आहेत, तो जबर लाथेचा मनुष्य आजारी आहे, आणि नगरास जो संघ येणार तो बव्हंशी प्रथम वर्षाच्या मुलांचा असेल. ज्या दिवशी हे कळले त्या दिवशी टपरीवरील कळा पाहवत नव्हती. भाऊसाहेबांनी कागद घेतला, बेरीज केली, पुन्हा केली, आणि खालच्या आवाजात सांगितले की सुधारित आणेवारी एकसष्ट पैसे येत आहे.

एकसष्ट! म्हणजे सूट नाही, स्थगिती नाही, काही नाही. आता हरल्यास निव्वळ हरल्यासारखे होणार. 1948 सालचे लंडन हातचे गेले. प्रथम वर्षाच्या पोरांपुढे कसले आले हौतात्म्य? आणि त्याहून भयंकर शक्यता, जी कोणी स्पष्ट शब्दांत उच्चारली नाही परंतु जी प्रत्येकाच्या मुद्रेवर उमटली होती, ती अशी की आपण जिंकूही. जिंकलो तर पुढच्या फेरीत जावे लागणार, पुढच्या वर्षी लोक विचारणार, बुटांची यादी पुरी करावी लागणार, मैदानाच्या मुरुमाचे काहीतरी करावे लागणार. “आपला अपमान आहे हा,” एकजण कडाडला. “नगरला दुय्यम संघ पाठवतात? समजतात काय स्वतःला?” त्याच्या या संतापात इतका स्वाभिमान ओतप्रोत भरला होता की सर्वांनाच हायसे वाटले, नक्की कशामुळे आपण अस्वस्थ आहोत याचे प्रतिष्ठित कारण प्रत्येकास मिळाले होते.

तेव्हा पुण्याच्या महाविद्यालयाकडे अर्ज करण्याचे ठरले. मसुदा भाऊसाहेबांनी स्वहस्ते केला. त्यात नमूद करण्यात आले की नगर शहरास निजामशाहीपासून बलाढ्य शत्रूंची परंपरा लाभली असून, अकबर बादशहाने आपला प्रत्यक्ष पुत्र या शहरावर धाडला होता, दुय्यम कोणी नव्हे. सबब आपण आपला मुख्य संघ संपूर्ण सामर्थ्यानिशी पाठवावा, शिबिरातील पाच खेळाडूंस विशेष बाब म्हणून सोडवून घ्यावे, आणि आजारी खेळाडूस आणण्यासाठी येथून स्वतंत्र मोटार पाठविण्याची व त्याच्या औषधपाण्याची व्यवस्था अर्जदार स्वखर्चाने करतील. या खर्चासाठी यादी फिरविण्यात आली ती त्याच सायंकाळी पुरी झाली. कोणाच्याही नावापुढे ‘नंतर’ असा शेरा नव्हता, आणि चहावाल्यानेही, कोणी न सांगता, दोनशे रुपये घातले.

उत्तरास तीन दिवस लागले. महाविद्यालयाच्या छापील कागदावर, खाली शिक्का, वर जावक क्रमांक, आणि मध्ये एकच ओळ होती: आपला अर्ज मिळाला, आपण कोणत्या खेळाविषयी लिहीत आहात ते कळविल्यास पुढील कार्यवाही करता येईल.

पत्र प्रथम भाऊसाहेबांनी मनात वाचले, मग मोठ्याने वाचले, मग मंडळींच्या आग्रहाखातर पुन्हा वाचले. कोणीतरी क्रीमरोल मागविले. पत्रावर आवक क्रमांक घालून ते दप्तरी दाखल करण्यात आले, आणि त्याच बैठकीत अंतिम आणेवारी तेवीस पैसे जाहीर झाली.